कोळप्याची कॉपी झालीय, पेटंट काढू का?

पत्र आलंय एका फॅब्रिकेशनवाल्या भावाचं. नाव छापू नका म्हणालाय म्हणून छापत नाही. पत्र थोडं लहान करून देते:

"ताई नमस्कार. माझं तालुक्याच्या रोडला शेड आहे, गेट, ग्रील, ट्रॉलीची कामं करतो. दोन वर्षांपूर्वी मी हाताने ढकलायचं एकचाकी कोळपं (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार) बनवलं, त्याची पास, म्हणजे तण कापणारं पातं, दांड्याजवळच्या खटक्याने उभ्या उभ्या कमीजास्त रुंद होते, खाली वाकून नट खोलायला लागत नाही. शंभरच्या वर विकली. आता पलीकडच्या गावातल्या शेडवाल्याने सेम टू सेम कॉपी मारलीय आणि माझ्यापेक्षा चारशे रुपये कमी लावतो. एक एजंट म्हणतो पंच्याहत्तर हजार दे, पेटंट करून देतो, मग कॉपी करणारा जेलमध्ये जाईल. एक अवजारांचा व्यापारी म्हणतो एकरकमी पैसे घे आणि डिझाइन मला लिहून दे. घरचे म्हणतात यापुढे काही नवीन केलंस तर कुणाला दाखवू नको. आता मी पायाने दाबायचा नवीन खटका केलाय, तो अजून शेडच्या बाहेर गेलेला नाही. काय करू?"

भाऊ, आधी त्या एजंटला थांबव. पैसे दिले नसशील तर देऊ नकोस, आणि टोकन दिलं असशील तर पुढचं देऊ नकोस. कारण त्याने तुला जे सांगितलं त्यातलं एक तर सरळ खोटं आहे. आपल्याकडे पेटंटची कॉपी केली म्हणून कुणी जेलमध्ये जात नाही, तो दिवाणी दावा असतो, तो तूच लावायचा, तोही जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर, वकील तुझा, तारखा तुझ्या. सरकार तुझ्या वतीने त्या शेडवाल्याकडे जाऊन काही करत नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, अर्ज केल्यापासून २० वर्षांचा, पण अडवायला तुलाच उभं राहायला लागतं. सिझनमध्ये शेड बंद ठेवून तू कोर्टात जाणार आहेस का, हा पहिला प्रश्न आणि तो त्याने तुला विचारलाच नाही.

दुसरा प्रश्न तर त्याने पहिल्या मिनिटाला विचारायला पाहिजे होता, की बाबा हे तू आधी विकलंयस का. तू म्हणतोस शंभरच्या वर विकली. मग जुन्या खटक्याचं पेटंट जवळपास गेलंच असं समज. आपल्या १९७० च्या कायद्यात अर्जाच्या तारखेला वस्तू नवीन असायला लागते, म्हणजे आधी कुठे छापलेली, दाखवलेली, उघडपणे वापरलेली नको. तू दोन वर्षं रोडला उभी करून विकतोयस, कुणीतरी तिचा व्हिडिओ पण टाकला असेलच, हे सगळं तुझ्याच विरोधात पुरावा आहे. चाचणीसाठी कायद्यात थोडी सूट आहे, अर्जाच्या आधीच्या एका वर्षात आणि उघड्यावर चाचणी करणं खरंच गरजेचं असेल तर, पण विक्री म्हणजे चाचणी नाही. हे माहीत असलेला माणूस तुझ्याकडून पंच्याहत्तर हजार घेऊन अर्ज टाकेल, नंबर येईल, तुला वाटेल झालं, आणि दोनतीन वर्षांनी तपासणीत ते उडेल. अर्जाचा नंबर म्हणजे पेटंट नाही हे पण लक्षात ठेव, आणि मंजूर होण्याआधी यंत्रावर पेटंटेड असं अजिबात लिहू नकोस, त्याला दंड आहे.

आणि एक सांगते, राग मानू नकोस. चाक लावलेलं हातकोळपं ही कल्पना तुझी एकट्याची नाही. जळगाव जिल्ह्यातल्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलच्या सांगाड्याला पास लावून कोळपं केलं होतं, बैलजोडी परवडत नाही अशा शेतकऱ्यांसाठी, आणि त्याची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे नोंद आहे. सायकल कोळपं आता गावोगावचे शेडवाले बनवतात. तुझं जे स्वतःचं आहे ते फक्त उभ्याने पास कमीजास्त करण्याचा खटका. तेवढंच, पण ते खरं आहे आणि बारीक आहे, कारण सोयाबीनच्या दीड फुटाच्या ओळीतून निघून चार फुटांच्या कपाशीत शिरताना दरवेळी खाली बसून पाना लावणं म्हणजे किती वैताग असतो ते वापरणाऱ्यालाच कळतं. पेटंट कायदा पण असंच बघतो, माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलं जुनंच काम करतायत तर त्याला शोध म्हणत नाही. जोडल्यामुळे काहीतरी नवीन घडायला पाहिजे.

आता पायाच्या खटक्याकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी लिहिलीयस. तो अजून बाहेर गेलेला नाही ना, मग तिथे अजून सगळं तुझ्या हातात आहे. पेटंट ऑफिसच्या साइटवर जुने अर्ज फुकट शोधता येतात, पोराला किंवा कॉलेजच्या कुणाला बसवून कोळपं, वीडर, पायाने चालणारा खटका असं सगळं आधी शोधून बघ. तसलं काही सापडलं नाही तर प्रोव्हिजनल अर्ज टाकता येतो, म्हणजे शोध अजून पूर्ण झालेला नसला तरी वर्णन आणि ड्रॉइंग देऊन आजची तारीख पकडून ठेवायची आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, तपासणीच्या विनंतीची ४००० रुपये, आणि ती विनंती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायला लागते, २०२४ पासून हा नियम आहे, आधी ४८ महिने होते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसला जातात. पंच्याहत्तर हजारातले सरकारी किती आणि एजंटचे किती ते आता तूच बघ. लिहून देणाऱ्याची फी वेगळी असते हे मान्य, आणि चांगलं लिहिणाऱ्याला पैसे द्यायलाच पाहिजेत, कारण अर्जात नेमकं काय माझं आहे हे सांगणारी भाषा जरा जरी सैल झाली की शेजारचा एक स्प्रिंग बदलून मोकळा सुटतो. पण त्या माणसाचं पेटंट ऑफिसकडे एजंट म्हणून रजिस्ट्रेशन आहे का ते बघून मगच दे.

पैसे घालायच्या आधी अजून एक दार आहे आणि मी तुझ्या जागी असते तर तिथेच आधी गेले असते. वर म्हटलं ते नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, २००० साली सुरू झालेलं, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली आहे, ऑफिस गांधीनगरजवळ. त्याच्या मागे हनी बी नेटवर्कचं काम आहे, अहमदाबादच्या आयआयएममधले प्रा. अनिल गुप्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू केलेलं. गावोगाव पायी फिरून असे कारागीर, शेतकरी शोधायचे, त्यांची कल्पना त्यांच्या नावासकट नोंदवायची, आणि त्यांना विचारल्याशिवाय पुढे कुणाला द्यायची नाही. शिक्षणाची, डिग्रीची अट नाही, उलट कंपनी किंवा संस्थेच्या मदतीशिवाय स्वतःच्या डोक्याने केलेलं असलं पाहिजे हीच अट. आधी असं कुणी केलंय का ते ते शोधतात आणि योग्य वाटलं तर पेटंटचा अर्ज पण स्वतःच्या खर्चाने करून देतात. वेळ लागतो, सगळ्यांचं होतंच असंही नाही. पण तिथे तुझ्या नावाने तारखेसकट नोंद झाली तर ती उद्या उपयोगी पडते. फॉर्म भरताना आपली माहिती कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही याच्या संमतीचा भाग असतो तो नीट वाचून भर, घाईने टिक मारू नकोस.

नोंदीचं मी एवढं का धरून बसलेय ते सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे तुला माहीत असतील. छोटे शेतकरी, जेमतेम शिकलेले. १९८३ साली त्यांना पटेल-३ धानाच्या शेतात दोनचार लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत निवडत लावल्या, आणि त्यातून बारीक, चवीला चांगला, जास्त उतारा देणारा तांदूळ आला. बियाणं ते लोकांना देत राहिले. त्या वाणाला त्या काळच्या घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं आणि तो अनेक राज्यांत पसरला, दुकानात आज पण एचएमटी तांदूळ मागतात. पण त्या नावात दादाजी कुठेच नाहीत. पुढे त्याच वाणाचं शुद्धीकरण करून एका संस्थेने तो स्वतःच्या नावाने आणला. दादाजींना राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान मिळाला २००५ मध्ये, म्हणजे पहिल्या लोंबीनंतर बावीस वर्षांनी, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा परिस्थिती हलाखीचीच होती. शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदा आला २००१ मध्ये, तोपर्यंत एचएमटी कधीच सगळीकडे गेला होता. मला ही गोष्ट लिहिताना दरवेळी राग येतो. त्यांनी बियाणं वाटलं यात काही चूक नव्हती, वाटलं म्हणूनच लाखो लोकांच्या ताटात गेलं. पण कधी, कुठे, कुणी निवडलं याचा पक्का कागद सुरुवातीपासून असता तर ते नाव असं पुसता आलं नसतं.

म्हणून तू आज एक वही कर. पहिलं कोळपं कधी केलं, कुणाला दिलं, काय तक्रार आली, काय बदललं, तारीख टाक, फोटो चिकटव, लोखंडाची बिलं लाव. पायाच्या खटक्याचं ड्रॉइंग हाताने काढ, सही कर, गावातल्या दोन माणसांची सही घे, पण त्यांना हे कुणाला सांगायचं नाही असं लिहून घे आधी. वही म्हणजे पेटंट नाही, पण मी हे अमुक दिवशी केलं होतं हे सांगायला तोंडापेक्षा वही बरी.

आणि त्या वहीत अजून एक नाव लिही. उभ्याने पास बदलता यावी हे तुला सुचलं कसं, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. बहुतेक वेळा असं सुचतं कारण निंदणी-कोळपणी करणारी एखादी बाई शेडवर येऊन सांगते की दादा माझी कंबर जाते, हे वरून नाही का करता येणार. तसं झालं असेल तर तिचं नाव लिही, आणि अर्ज टाकल्यावर नवीन कोळप्याची चाचणी पण तिच्याकडूनच घे आणि त्याचे तिला पैसे दे. आपल्याकडे यंत्र जोडणाऱ्याचं नाव होतं आणि अडचण नेमकी कुठे आहे हे दाखवणाऱ्याचं कुठेच येत नाही, हे मला पटत नाही. कायद्याने तिचा हिस्सा किती होतो ते वकील सांगेल, मी माणुसकीचं बोलतेय.

आता त्या कॉपीवाल्याकडे येते. तुला राग आलाय आणि तो यायलाच पाहिजे, पण जरा आजूबाजूला बघ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगातले ६० टक्क्यांहून जास्त कामकरी, म्हणजे सुमारे २०० कोटी लोक, अनौपचारिक क्षेत्रात आहेत असं दिलंय, आणि त्यातल्या तुझ्यासारख्या कारागिरांचं शिकणं बघून बघूनच होतं. नैरोबीच्या कामुकुंजीत पत्र्याचं काम करणारे जुआ काली, म्हणजे उन्हात उघड्यावर बसणारे, कारागीर एकमेकांना खेटून बसतात, घानात कुमासी शहरात सुआमे मॅगझीन नावाची गाड्या दुरुस्तीची आणि लोखंडकामाची प्रचंड वस्ती आहे, तिथे पण तेच, एकाने काही नवीन केलं की लगेच शेजारी बघतो. तिथल्या कारागिरांकडे पेटंटं नसतात, तरी काहींची गिऱ्हाईकं वर्षानुवर्षं तुटत नाहीत. कारण ते कॉपीच्या पुढे एक पाऊल राहतात, गिऱ्हाईक ओळखतात, आणि कामाची एखादी गोष्ट अशी ठेवतात जी बाहेरून दिसत नाही. तू पण वेल्डिंग कुणाच्या तरी शेडवरच शिकलास ना, उस्तादाची ट्रॉली बघूनच पहिली ट्रॉली जोडली असशील.

मग विचार असा कर, की त्याने कॉपी नेमकी कशाची केली. जे दिसतं त्याची. खटका दिसतो, चाक दिसतं, रंग दिसतो. पास कुठल्या लोखंडाची आहे ते दिसत नाही. चारशे रुपये कमी लावतोय म्हणजे बहुतेक साध्या एमएस (मऊ लोखंडाच्या) पट्टीची पास असणार, ती एका सिझनमध्ये झिजते, दगड लागला की वाकते. तू ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची करत असशील, नीट पाणी देऊन, म्हणजे तापवून बुडवून कडक करून, तर तेच तुझं खरं संरक्षण आहे, आणि नसशील तर उद्यापासून कर. पासेचा जमिनीशी कोन, दांड्याची उंची बाईच्या खांद्याच्या हिशोबाने, चाकाच्या बुशची फिटिंग, हे सगळं शंभर गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून तुझ्या हातात आलंय, ते त्याच्या हातात आलेलं नाही. त्यासाठी एक पक्का जिग, म्हणजे भाग दरवेळी त्याच जागी धरणारा साचा बनव, म्हणजे तू शेडवर नसलास तरी पोऱ्या जोडेल ते कोळपं सारखंच निघेल आणि वेळ निम्म्यावर येईल, मग त्या चारशेतले दोनशे इथेच भरून निघतील. पास सुटी विकायला ठेव, दोन आकाराच्या, त्याच्या कोळप्याला पण बसेल अशी. हो, त्याच्या पण. त्याचं गिऱ्हाईक पास बदलायला तुझ्याकडे आलं की पुढचं कोळपं तुझंच नेईल.

घरचे म्हणतात कुणाला दाखवू नको, तर अर्ज टाकेपर्यंत ते बरोबर आहे, मोबाइलमध्ये फोटो पण फिरवू नकोस. अर्ज झाल्यावर मात्र लपवून काय करणार. कोळपं लपवून विकता येत नाही, आणि जे वापरतात त्यांनीच तुला इथपर्यंत आणलंय, त्यांच्यापासून तोडून घेतलंस तर पुढचा खटका सुचणार कुठून.

जुन्या कोळप्याचं एक संरक्षण मात्र अजून तुझ्या हातात आहे, तू विचारलंच नाहीस, ते म्हणजे नाव. डिझाइन रजिस्ट्रेशन असतं, १० वर्षांचं आणि पुढे ५ वाढतात, पण ते फक्त दिसण्याचं असतं आणि त्याला पण आधी बाजारात आलेलं चालत नाही, म्हणून जुन्यासाठी तो रस्ता बंद. ट्रेडमार्कला, म्हणजे नाव रजिस्टर करण्याला, असली अट नाही. उलट तू दोन वर्षं विकतोयस हे तिथे तुझ्या बाजूने जातं. एखादं वेगळं नाव ठेव, मजबूत कोळपं किंवा बेस्ट कोळपं असलं नको, ते कुणीही लावू शकतं आणि रजिस्टर पण होत नाही सहसा. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी एका वर्गाला (म्हणजे मालाच्या एका प्रकाराला) ४५०० रुपये, १० वर्षांसाठी, आणि परत परत वाढवता येतं. नावाची पत्र्याची पट्टी ठोक, नंबर घाल, फोन नंबर घाल. शेडवाला खटका कॉपी करेल पण तुझं नाव लावून विकलं तर तिथे कायदा बराच कडक आहे, खोट्या ट्रेडमार्कला खरंच शिक्षा आहे. एजंटने जेलचं बोललं ते त्याने इथून उचललं असावं.

व्यापाऱ्याला एकरकमी लिहून देऊ नकोस. तो जे लिहून मागतोय त्यात पुढच्या सगळ्या सुधारणा पण असू शकतात, मग पायाचा खटका पण त्याचा. अगदीच द्यायचं असेल तर लायसन्स दे, अमुक जिल्ह्यात, अमुक वर्षं, दर नगामागे अमुक रुपये, आणि कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. किंवा उलटं कर, तू त्याला तयार माल दे, त्याने विकावा. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनांथम यांच्याकडे स्वस्त सॅनिटरी पॅडच्या यंत्रासाठी मोठ्या कंपनीकडे जायचा रस्ता होता, त्यांनी यंत्रं बायकांच्या बचत गटांना द्यायचं ठरवलं, म्हणजे यंत्र कुणाला विकायचं हे ठरवणं स्वतःच्या हातात ठेवलं. तुझ्या भागातले बचत गट कोळपी भाड्याने द्यायला घेतील का हे विचारून बघ, एक गट पाच घेतो आणि सिझनभर फिरवतो.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, नसेल तर करून टाक, फुकट आहे, ऑनलाइन आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. सरकारी अनुदानाच्या यादीत अवजार घालायचं मनात असेल तर टेस्ट रिपोर्ट लागतो, मध्य प्रदेशातल्या बुधनीला केंद्राची संस्था आहे, काही कृषी विद्यापीठांत पण चाचणी होते. तो मात्र खर्चाचा आणि कागदाचा मोठा भाग आहे, यंदा त्यात पडू नकोस, आधी जिग आणि नाव.

या आठवड्यात एवढंच कर: एजंटला नाही म्हण, पायाच्या खटक्याचे मोबाइलमधले फोटो कुणाला पाठवले असशील तर कुणाला आणि कधी ते लिहून काढ, कारण प्रोव्हिजनल अर्ज लिहिणारा पहिलं तेच विचारेल. आणि पासेला सध्या कुठलं लोखंड वापरतोस ते मला परत लिहून कळव.